रातकिड्याला थोडं लांबच बसू द्या

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आर्णीकडच्या जिल्हा परिषद शाळेत तुम्ही तिसरी-चौथीला शिकवता. मुलांनी काढलेली किड्यांची चित्रं आणि तुमच्या मोबाइलमधले फोटो स्नेहसंमेलनात पडद्यावर दाखवायचे आहेत. त्यामागे सहा-सात मिनिटांचं हळुवार संगीत हवंय, आणि जमेल तेवढं मुलांनीच वाजवायचं आहे. तुम्ही रात्री शेताच्या धुऱ्यावर जाऊन रातकिडे रेकॉर्ड केले, त्यावर बासरी घेतली, वर्गात ऐकवलं, तर मुलं म्हणाली, "मॅडम, हे तं भुताच्या पिक्चरवानी वाटते." मग तुम्ही विचारलंत की कोणत्या किड्याला कोणता राग लावावा.

मी साकोलीच्या बाजूला पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकवतो आणि बालनाट्यांना, शाळांच्या कार्यक्रमांना बरीच वर्षं चाली लावत आलोय. माझ्या मते रागाचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. तुमची यादी आधी पुन्हा वाचा: रातकिडा, मधमाशी, फुलपाखरू, काजवा, गोगलगाय, मृगाचा किडा, रेशीमकिडा. यातले आपल्या कानाला ठळक ऐकू येणारे दोनच, रातकिडा आणि मधमाशी. बाकीचे मुके. आणि जे दोन बोलतात, ते जवळून ऐकले तर हळुवार अजिबात नाहीत. म्हणजे किड्याचा आवाज घेऊन त्याचं संगीत करायचं हा रस्ता सातातल्या पाच जणांसाठी बंद आहे आणि दोघांसाठी खडबडीत आहे. किड्याकडून घ्यायचं ते त्याचं चालणं, थांबणं आणि दोन हालचालींमधली रिकामी जागा.

तुमच्या रेकॉर्डिंगचं काय झालं ते आधी सांगतो, कारण तिथे दोष तुमचा नाही आणि रातकिड्याचाही नाही. रातकिड्यांत ओरडतो तो नर. पुढच्या दोन पंखांपैकी एकावर बारीक दातेरी रेघ असते, दुसऱ्याची कड तिच्यावर घासून तो आवाज काढतो. शेतातल्या रातकिड्याचा सूर साधारण 4000 ते 5000 हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांत, पडतो. पियानोची सगळ्यात वरची पट्टी 4186 हर्ट्झची असते, म्हणजे हा सूर तुमच्या पेटीवर नाहीच. माणसाचा कान सगळ्यात तल्लख असतो तो 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि मोबाइलचा बारका स्पीकर खालचे सूर गाळून नेमका हाच भाग पुढे ढकलतो. धुऱ्यावर तोच आवाज चहूबाजूंनी, लांबून, गवतातून गाळून येतो म्हणून गोड लागतो. वर्गात तो एका डबीतून सरळ कानात घुसतो. त्यात सिनेमावाल्यांनी ओसाड वाड्याच्या प्रत्येक प्रसंगामागे रातकिडे लावून ठेवलेत, मुलांना भूत आठवणारच.

रेकॉर्डिंग टाकून देऊ नका. त्याचे दोन उपयोग आहेत. पहिला, ते अगदी मागे ठेवायचं: ट्रेबल, म्हणजे वरच्या तीक्ष्ण सुरांचा जोर, बराच उतरवा आणि आवाज इतका कमी करा की चालू असताना लक्षात येऊ नये, बंद केल्यावर मात्र काहीतरी गेलं असं वाटावं. दुसरा उपयोग मला जास्त आवडतो. ऑडॅसिटी नावाचं आवाज कापाकापीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात रेकॉर्डिंगचा वेग आठव्या हिश्श्यावर आणा, आणि सूरही सोबत खाली येऊ द्या, नुसती लय कमी करणारा पर्याय घेऊ नका. 4500 हर्ट्झचा सूर 562 च्या आसपास येतो, म्हणजे पेटीच्या तार (वरच्या) सप्तकातल्या काळी एकच्या, पहिल्या काळ्या पट्टीच्या, जवळ. आता कान देऊन ऐका. जी एक सलग किर्र वाटत होती, तिच्यात वेगवेगळे ठोके सुटे होतात, मग एक फट, मग पुन्हा ठोके. तुमच्या रातकिड्याचे ठोके किती आणि फट केवढी ते वहीत लिहून घ्या. तो तुमचा ताल झाला. रेकॉर्डिंग वापरा न वापरा, ते ठोके मुलांना बोटांनी बाकावर वाजवता येतात.

पुन्हा रेकॉर्ड करणार असाल तर थोडं थांबा. रातकिडा गरमीत भराभर ओरडतो आणि गारठ्यात सावकाश. एमॉस डॉल्बेअर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1897 मध्ये किरकिर मोजून हवेचं तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. आपल्याकडे कार्तिकात कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री गार व्हायला लागतात, तेव्हाची किरकिर जुलैपेक्षा पुष्कळ निवांत असते. पौषाची वाट मात्र पाहू नका, कडाक्याच्या थंडीत ते गप्पच होतात. मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये आवाज 'स्वच्छ' करणारं जे काही असेल ते बंद करा. ती सोय माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असते आणि रातकिड्याला कचरा समजून पुसत बसते.

आता रागाकडे येऊ. प्रत्येक किड्याला वेगळा राग देऊ नका. सात मिनिटांत सात राग म्हणजे मुलांची तारांबळ आणि ऐकणाऱ्यांची दमछाक. एकच घ्या, भूप. कारण साधं आहे. सा रे ग प ध या पाच सुरांत कुठेही दोन सूर अर्ध्या अंतरावर लागून बसलेले नाहीत, त्यामुळे दहा मुलांनी दहा ठिकाणी चुकीच्या वेळी कुठलाही सूर वाजवला तरी कानाला टोचत नाही. तुम्हाला कोणीतरी हंसध्वनी सुचवेल. सुंदर राग, पण त्यात शुद्ध नी आणि सा शेजारी-शेजारी आहेत. ते दोन सूर एकदम वाजले की करकरतात, आणि मुलं ते एकदम वाजवणारच. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि मृगाचा किडा निघतो दिवसा, असं एखादे बुवा म्हणतील. मैफलीत त्यांचं म्हणणं मी मान्य करीन. तिसरीच्या वर्गात नाही.

सा काळी एकचा धरा. मुलांना गुणगुणायला ती पट्टी बरी पडते, आणि दुसरीही एक सोय होते. वर सांगितलेला आठपट मंद केलेला रातकिडा तार षड्जाजवळ, म्हणजे वरच्या सा जवळ, येऊन बसतो. थोडा वर-खाली असेल तर वेग किंचित बदलून जुळवा. मधमाशीचे पंख सेकंदाला साधारण 230 वेळा हलतात, तिची गुणगुण म्हणजे जवळपास मंद्र (खालच्या) सप्तकातली काळी पाच. काळी एकच्या षड्जाला ती धैवत, म्हणजे ध, होते, आणि भूपात धैवत आहेच. हा आकडा युरोपीय मधमाशीचा आहे. आपली सातेरी किंवा फुलोरी अंगाने लहान, त्यांचा सूर त्याहून चढा असणार, पण शाळेच्या कार्यक्रमात एवढं कोणी मोजत नाही. मधमाशीसाठी वेगळी धावपळीची सुरावट रचू नका. पेटीवर तो एक मंद्र धैवत धरून ठेवा, भाता अगदी थोडा उघडा ठेवा म्हणजे सूर किंचित थरथरेल. मधमाशीचं काम तेवढ्यात होतं.

मृगाचा किडा मात्र मला तब्येतीत करावासा वाटतो. शहरातल्या मुलांना तो माहीतच नसतो आणि आपल्या मुलांना न शिकवता माहीत असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतो, एखादी चांगली सर येते आणि ओल्या काळ्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात. त्याला जवळून पाहा. आठ पाय असतात, खरं तर तो कोळ्याच्या जवळचा जीव. चार पावलं चालतो, ढेकळाच्या कडेला थांबतो, पुढचे पाय उचलून चाचपतो, मग दिशा बदलून पुन्हा चार पावलं. बोट लावलं की सगळे पाय पोटाशी घेऊन बोंडासारखा पडून राहतो. मग बराच वेळ काहीच नाही. आणि आपण कंटाळून मान वळवली की निघाला.

याला मी रूपक ताल देतो. सात मात्रा, तीन-दोन-दोन, आणि रूपकाची समच, म्हणजे पहिली मात्राच, खाली, बिनजोराची. पहिल्याच मात्रेला जोर नसल्यामुळे चाल आपोआप बिचकत सुरू होते. सुरावट अशी ठेवा:

सा रे ग । प – । – –
रे ग प । ध – । – –
ग प ध । प – । ग रे
सा – – । – – । – –

मिनिटाला साठच्या आत मात्रा. पहिल्या दोन ओळींत शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या आहेत. तिथे कोणालाही काहीही भरू देऊ नका, पेटीवाल्याला तर मुळीच नाही. आम्हा पेटीवाल्यांना रिकामी मात्रा दिसली की बोट शिवशिवतं. चौथ्या ओळीनंतर एक मूल पुढे येऊन जमिनीवरच्या लाल कापडाला बोट लावेल, आणि पुढची दोन आवर्तनं म्हणजे चौदा मात्रा पूर्ण शांत. मुलांनी मनात मोजायच्या आणि बरोबर एकत्र उठायचं. मुलांना यात खेळासारखी मजा येते, कारण कोण आधी फुटतो त्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. प्रेक्षकांत आधी खाकरणं ऐकू येईल, मग तेही थांबेल. घाबरून मध्येच तबला सुरू करू नका.

ठेका कशावर धरायचा, हे गावात काय आहे त्यावर ठरवा. तबला मिळाला तरी या कामाला मी टाळतो. त्याचा 'ना' फार तीक्ष्ण उठतो. तुकडोजी महाराजांच्या भजनामुळे विदर्भात गावोगावी खंजिरी सापडते. ती मागून आणा, चकत्यांवर सुती पट्टी गुंडाळून त्या मुक्या करा आणि चामड्यावर एका बोटाच्या गादीने वाजवा, नखाने नाही. मृगाच्या किड्याच्या पावलाला एवढा आवाज पुष्कळ झाला.

काजव्याला मुळात ताल देऊच नये असं माझं मत आहे. बऱ्याच जातींत नर उडता उडता चमकतो आणि मादी खालून, गवतातून, उत्तर देते. आपल्याला झाडाखालून दिसतं ते मात्र विखुरलेलं: इथे एक, तिथे दोन, मग अंधार. ते तालात बसवलं की लग्नाच्या मांडवावरची लायटिंग होते. त्याऐवजी चिनी मातीचे दहा वाडगे घ्या, कपाटातले जुने, कुठलेही चालतील. स्टीलच्या वाट्या नकोत, त्यांचा खणखणाट होतो. पाणी घालून जलतरंगासारखे भूपाच्या पाच सुरांत लावा. पाणी वाढवलं की सूर उतरतो. मोबाइलवर ट्यूनर लावून दुपारभरात जमतं, फक्त कार्यक्रमाच्या आधी पुन्हा तपासा, कारण पाणी उडतं आणि मुलं त्यात बोटं घालतात. प्रत्येक मुलाकडे एक वाडगा आणि एक लाकडी काडी, तिच्या टोकाला कापूस बांधलेला. तोही आपल्याच गावचा. नियम एकच: शांतपणे चार श्वास मोजायचे, चौथा संपला की एकदा वाजवायचं, पुन्हा चार श्वास. प्रत्येकाचा श्वास वेगळा, म्हणून सूर आपोआप विखुरतात. कोणी हातवारे करून चालवायचं नाही. खाली तानपुऱ्याचं अ‍ॅप पंचमावर लावून ठेवा. भूप निवडल्याचा खरा फायदा इथे दिसेल.

फुलपाखराला सगळे बासरीवर मुरक्या आणि थरथर देतात. मला तो प्रकार शिळा वाटतो. उडणारं फुलपाखरू सोडून द्या. पावसाळा सरताना नाल्याच्या काठी ओल्या मातीवर पिवळी-पांढरी फुलपाखरं थव्याने बसतात, मातीतले क्षार शोषतात, त्याला चिखलपान म्हणतात. तिथे ती पंख सावकाश उघडतात, सावकाश मिटतात. ते पेटीच्या भात्याने करा. ग आणि प एकत्र धरा, भाता हळू दाबत आवाज वाढवा, हळू सोडत कमी करा, सूर अजिबात बदलू नका. फोटो बदलेपर्यंत तेवढंच.

गोगलगाय पेटीला देऊ नका. ती सरपटते, पावलं टाकत नाही, आणि पेटीच्या पट्ट्यांना मींड येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं गळ्याला जमतं, बासरीला जमतं, शाळेत कोणाकडे व्हायोलिन असेल तर उत्तम. मुलांना तोंड मिटून 'म्' वर सा पासून प पर्यंत एका लांब श्वासात वर जायला सांगा. दहा जण दहा वेगांनी जातील, तसंच जाऊ द्या.

रेशीमकिड्याबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, तुमच्याकडे तुतीचा, आमच्या भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडावरचा टसर, ज्याला आम्ही कोसा म्हणतो. कोश विणताना किडा डोकं 8 च्या आकड्यात फिरवत राहतो. म्हणून पंचमाभोवती फिरणारी एकच ओळ घ्या: प ध प ग प. ती परत परत वाजवा आणि काही आवर्तनांनी त्यातला एकेक सूर गाळा. आधी शेवटचा प जाईल, मग ध, मग ग, शेवटी नुसता पंचम राहील आणि तोही विरळ होत जाईल. आवाज हळूहळू बारीक करत नेण्यापेक्षा हे चांगलं, कारण किडा बारीक होत नाही, झाकला जातो. मात्र एक ध्यानात ठेवा. ज्या घरात कापूस आहे त्या घरातल्या मुलाला अळी म्हटली की गुलाबी बोंडअळी आठवते. 2017 च्या हंगामाचं नाव काढलं की अजून लोक कपाळाला हात लावतात. पडद्यावर अळी दिसली की पालकांतून एखादा 'फवारा मारा' म्हणेल. हसू द्या, पण ते चित्र कार्यक्रमाच्या अगदी शेवटी ठेवू नका.

एवढ्यावर तुमच्यापुढे चाल जवळजवळ तयार आहे: खाली तानपुरा, मागे पुसटसा रातकिडा, मधमाशीचा धैवत, मध्ये मृगाचा किडा आणि काजवे. बाकी काय ठेवायचं ते मुलं किती आहेत आणि तालमीला किती वेळ मिळतो यावर ठरवा. सातही किडे बसवायचा हट्ट नको. मी चार घेईन.

शेवट करताना तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर संपवणं, घेऊ नका. कोणीतरी हौशी वाजवणारा म्हणेल की टाळी कुठे वाजवायची ते लोकांना कळत नाही. नाही कळत, तर दोन सेकंद उशिरा वाजवतील.

आता साउंड बॉक्स. स्नेहसंमेलनात आधीची लावणी आणि रिमिक्स ज्या आवाजात गेलेली असतात त्याच आवाजात ऑपरेटर तुमचं संगीत लावणार, आणि वर इको देणार. त्याला आधीच गाठा. इको बंद, ट्रेबल अर्ध्याखाली, बॉक्सचं तोंड प्रेक्षकांकडे न ठेवता मागच्या भिंतीकडे फिरवलेलं. वाडग्यांना माइक अगदी जवळ लावू नका, हातभर वर टांगा, नाहीतर काडीचा ठोका ऐकू येईल आणि सूर राहील मागे. वीज गेली तर रातकिड्याचं रेकॉर्डिंग आणि तानपुरा जातील, बाकी सगळं हाताने वाजतं, कार्यक्रम अडत नाही.

तुमची पेटी जुनी असेल तर ट्यूनर लावून तिची काळी एक आधी तपासा. शाळेतल्या पेट्या बऱ्याचदा उतरलेल्या असतात. तशी असेल तर पेटी दुरुस्त करत बसू नका, वाडगे आणि तानपुरा पेटीला जुळवा. ते झाल्यावर वाडग्यांचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा, म्हणजे श्वास चारच ठेवायचे की सहा करायचे ते सांगता येईल.